घंगाळाच्या फोटोखालचं नाव

सरांनी माझ्या वडिलांना फसवलं. मी लिहिलेल्या कोडचा वापर करून फसवलं, माझ्यासमोर फसवलं, आणि फसवून झाल्यावर आमच्याच घरचा चहा पिऊन गेले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याला शेवटपर्यंत अंदाज बांधत बसायला नको. ही माझी बाजू आहे. सरांना त्यांची लिहायची असेल तर त्यांना कोणी अडवलेलं नाही.

सर म्हणजे शिक्षक नव्हेत. डेक्कनच्या बाजूला पहिल्या मजल्यावर त्यांचं दालन आहे. तांब्या-पितळेच्या हातघडणीच्या वस्तू ते हॉटेलांना आणि बंगलेवाल्यांना विकतात. बोलणं अतिशय सभ्य. 'आपण' सोडून दुसरं सर्वनाम त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं नाही. सगळे त्यांना सर म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणायला लागलो.

माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, कसबा पेठेत तांबट आळीत भांडी घडवतात. आळीत दिवसभर हातोड्या चालतात, त्यामुळे तिथली माणसं मोठ्याने बोलतात आणि म्हातारपणी कमी ऐकतात. अण्णांचा उजवा कान पूर्ण गेला आहे. डावा त्यांच्या मर्जीप्रमाणे चालतो, असं आई म्हणायची.

आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत आहे. ज्याने विकत घेतलं त्याचं, नाहीतर ज्याने आहेर दिला त्याचं. घडवणाऱ्याचं नाव कोणी घालत नाही. अण्णांच्या हातचे हंडे, बंब, पराती पुण्यात कुठल्या कुठल्या घरांत आहेत, आणि त्या सगळ्यांवर कोणाचा तरी मामा आणि कोणाची तरी आत्या कोरलेली आहे. आळीत नावाची गरजही पडत नाही. भांड्याला आकार आला की त्यावर हातोडीचे एकसारखे ठोके घालून चमक आणतात, त्याला मठारणं म्हणतात. ते ठोके बघून शेजारचा माणूस सांगतो, हे कोणाच्या हातचं. आळीच्या बाहेर ते कोणाला ओळखू येत नाही, आणि भांडी विकली जातात ती आळीच्या बाहेर.

घासाघीस मी आईकडून शिकले. बायका जुन्या भांड्यांची मोड घेऊन यायच्या, आणि वजनकाट्याला हात लावायच्या आधी आईने अर्धा सौदा उरकलेला असायचा. समोरचा पटकन हो म्हणाला तर समजायचं आपण चुकीची गोष्ट मागितली, हे तिचं सांगणं होतं. मी ते आयुष्यभर पाळलं. एकदा सोडून.

कॉम्प्युटर मला कोणी हाताला धरून शिकवला नाही. कॉलेजात असताना क्लास परवडत नव्हता, म्हणून त्याच क्लासच्या कचेरीत बसायचं काम धरलं आणि रिकामं मशीन असेल तेव्हा वापरू द्या, अशी अट घातली. क्लासवाल्याला वाटलं पोरगी टाइप करायला शिकेल. मी कोड लिहायला शिकले. लग्नानंतर धायरीला आले आणि खिडकीजवळ एक टेबल टाकून लहान व्यापाऱ्यांचे मेल पाठवायचं काम सुरू केलं. साडीवाले, मसालेवाले, सहली काढणारे. मजकूर आणि फोटो त्यांचे, मांडणी आणि सगळ्यांना एकदम पोचवणारं कोड माझं. आज माझं घर त्यावर चालतं. हे सांगते कारण सरांनी पुढे मला 'हौशी' म्हटलं होतं.

सर अण्णांकडून घंगाळं घ्यायचे. आंघोळीचं पाणी काढायचं ते मोठं, रुंद तोंडाचं तांब्याचं भांडं. हॉटेलवाले त्याच्या बुडाला भोक पाडतात आणि हात धुवायचं बेसिन म्हणून बसवतात. अण्णांना हे कळलं तेव्हा त्यांनी हातातलं घंगाळ पालथं घालून बुडावरून हात फिरवला. मग म्हणाले, "पाडू दे भोक. गळणार नाही असं मी घडवलं होतं, गळायचं कसं ते त्यांचं ते बघतील."

सरांची अडचण वेगळी होती. ते हॉटेलांना मेल पाठवायचे, पण मेल उघडला की फोटोंच्या जागी रिकामे चौकोन दिसायचे आणि वर एक ओळ, की फोटो बघायचे असतील तर इथे क्लिक करा. हॉटेलच्या खरेदी विभागातला माणूस दिवसभर असले मेल बघत असतो. तो क्लिक करत नाही. पुढच्या मेलकडे जातो. अण्णांनीच सरांना सांगितलं की माझी मुलगी हेच काम करते, आणि असं ते काम माझ्याकडे आलं.

मेलमध्ये फोटो दाखवायच्या दोन रीती आहेत. पहिलीत मेलमध्ये फोटो नसतोच. तो कुठल्या सर्व्हरवर ठेवला आहे त्याचा पत्ता तेवढा असतो, आणि मेल उघडला की तिथे जाऊन फोटो आणला जातो. अनोळखी ठिकाणाहून काही आणायला मेलची यंत्रणा बिचकते, म्हणून ते रिकामे चौकोन. दुसऱ्या रीतीत फोटो मेलच्या पोटातच घालून पाठवायचा. त्याला एक ओळख द्यायची आणि मजकुरात जिथे फोटो दिसायला हवा तिथे ती ओळख लिहायची. मग मेल उघडणाऱ्याला काही करावं लागत नाही. फोटो त्याच्याकडे आलेलाच असतो.

वाचायला सोपं वाटतं. आधी मी फोटोची अक्षरं करून ती सगळी सरळ मजकुरात कोंबली. माझ्या ब्राउझरमध्ये घंगाळ झळकलं, सरांच्या मेलमध्ये जागा कोरी. मग ओळख देऊन पाठवला, तर फोटो जागेवर दिसायचा आणि शिवाय खाली जोडपत्र म्हणूनही लटकायचा, जसं काही एकच घंगाळ दोनदा विकायला काढलंय. कुठला भाग कशाच्या आत ठेवायचा, हा फोटो सोबत जोडलेला नाही तर मजकुरातलाच आहे हे मेलला कसं सांगायचं, हे कळेपर्यंत मी घरात सगळ्यांवर खेकसत होते. शेवटी बसलं. अगदी जुनाट मशीनवरही, न विचारता, घंगाळ समोर हजर.

ते घेऊन मी सरांच्या दालनात गेले. कामाचे पैसे ठरायला वेळ लागला नाही. मग मी म्हणाले, एक अट आहे, प्रत्येक फोटोखाली घडवणाऱ्याचं नाव पाहिजे.

सर हसले. "मॅडम, आपण कॅटलॉग पाठवतोय. लग्नपत्रिका नाही."

मी म्हणाले, "मग चौकोन पाठवत राहा. तेही देखणे दिसतात."

बरीच ओढाताण झाली. सर म्हणाले, मेलच्या अगदी शेवटी मजकुरात एक ओळ टाकू. मी म्हणाले, मजकुरातली ओळ कोणीही पुसतो, मेल पुढे पाठवताना तर हमखास. नाव फोटोतच हवं, फोटोचाच भाग म्हणून. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. हॉटेलांनी नाव बघून परस्पर अण्णांना गाठलं तर काय, हे त्यांच्या मनात होतं, आणि ते त्यांनी बोलूनही दाखवलं. मी सांगितलं की अण्णांना एका कानाने ऐकू येत नाही, ते हॉटेलवाल्यांशी फोनवर काय बोलणार? फोन नंबर टाकायचा नाही, नुसतं नाव. शेवटी सर मुश्किलीने कबूल झाले. आईच्या हिशोबाने तो चांगला सौदा होता.

पहिला मेल गेला त्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन आळीत गेले. अण्णांनी हात धुतले, चष्मा लावला. फोटोत त्यांचंच घंगाळ, आणि खाली काळ्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत: घडण, मग त्यांचं पूर्ण नाव, मग तांबट आळी, कसबा पेठ, पुणे. त्यांनी ते ओठ हलवत वाचलं. मग पट्टीवरून अंगठा फिरवला, कोरीव आहे का बघितल्यासारखा.

"हे किती जणांकडे गेलं?"

"सरांच्या सगळ्या गिऱ्हाइकांकडे."

"आणि त्यांच्याकडे राहणार?"

"राहणार, अण्णा. फोटो त्यांच्या मेलच्या आत आहे. आता सरांनी म्हटलं तरी त्यांना काढता येणार नाही. मलाही नाही."

हे मी म्हटलं होतं. माझेच शब्द.

त्यानंतर अण्णांनी आळीत एकही माणूस सोडला नाही. दूधवाल्यालाही सांगितलं. दिल्लीपासून केरळपर्यंत जिथे जिथे मोठं हॉटेल आहे तिथे माझं नाव गेलंय, आणि ते काढता येत नाही, पोरीने तसं करून दिलंय. समोरचे कारागीर, अण्णांच्या बरोबरीचेच, म्हणायचे, आता तुमची सही घ्यायला लोक येतील, जरा अंघोळ करून बसत जा. अण्णा म्हणायचे, "याल तुम्हीच पहिले." इतकं उत्तर द्यायला त्यांना पूर्वी सुचत नसे.

मग सरांचा फोन आला. माल वाढला होता, एकेका मेलमध्ये फोटो बरेच झाले होते. मेलच्या पोटात फोटो घालायचा तर त्याची अक्षरं करावी लागतात, आणि अक्षरं झाली की त्याचं वजन मूळ फोटोपेक्षा तिसऱ्या हिश्शाने वाढतं. काही हॉटेलांची यंत्रणा असे जड मेल परत पाठवायला लागली होती.

"मॅडम, आपलं घंगाळ दारातूनच परत येतंय," सर म्हणाले. "फोटो दालनाच्या सर्व्हरवर ठेवू या. आता सगळे आपल्याला ओळखतात, चौकोन येणार नाहीत."

त्यात खोटं काही नव्हतं. मेल परत येत होते, आणि ओळखीच्या माणसाचे फोटो न विचारता उघडतात हेही खरं. पण मागितलं की द्यायचं, हे माझ्या रक्तात नाही. मी म्हणाले, मान्य, मात्र नावाची अक्षरं दुप्पट मोठी करायची आणि इंग्रजीतही टाकायचं.

"करा की," सर म्हणाले. "दुप्पट कशाला, तिप्पट करा."

इतक्या लगेच. एकदाही 'पण' न म्हणता. आई असती तर तिने तिथेच फोन ठेवायला लावला असता. मी मात्र सौदा मारला म्हणून स्वतःवर खूश होते. कोडमध्ये बदल एका ओळीचा होता. फोटोच्या ओळखीच्या जागी सरांच्या सर्व्हरचा पत्ता.

चूक तिथे झाली आणि ती माझीच, असं माझ्या नवऱ्याचं मत आहे. मला ते मान्य नाही. कुलूप कच्चं निघालं म्हणून आत शिरलेल्याला कोणी पाहुणा म्हणत नाही.

पुढे वाघोलीच्या बाजूला एका मोठ्या हॉटेलचं काम निघालं. त्यांच्या अंतर्सजावटीचं काम बघणाऱ्या बाईंना ही भांडी जिथे घडतात ती जागा बघायची होती. सर त्यांना घेऊन आळीत येणार होते. अण्णांनी मला बोलावून घेतलं. मी पोचले तेव्हा ते इस्त्रीचा शर्ट घालून भट्टीपासून लांब बसले होते.

बाई चांगल्या होत्या. चपला काढून आत आल्या, हातोडी उचलून बघितली, मठारलेल्या पत्र्यावरून बोटं फिरवली. आळीतल्या सगळ्यांनी आपापली कामं थांबवली होती आणि दारांत उभे राहून बघत होते. अण्णांनी त्यांच्यावर एक नजर टाकली आणि बाईंना म्हणाले, "माझं नाव तुमच्याकडे आधीच आलंय."

बाईंना कळलं नाही. मी सांगितलं, सरांच्या मेलमध्ये, घंगाळाच्या फोटोखाली. त्यांनी मोबाइल काढला, मेल शोधला, अण्णांसमोर धरला.

फोटो तोच होता, घंगाळही तेच. खाली काळी पट्टी होती. पट्टीवर सरांच्या दालनाचं नाव होतं.

अण्णांनी मोबाइल हातात घेतला. जवळ धरला, लांब धरला. "हा नव्हे. दुसरा काढा." बाईंनी दुसरा काढला, मग त्याच्या आधीचा. सगळीकडे तीच पट्टी.

"काका, कदाचित दुसऱ्या कोणाचा मेल असेल," बाई हळुवारपणे म्हणाल्या.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी तोवर माझ्या मोबाइलवर तेच मेल उघडले होते. मी स्वतः पाठवलेले, मी स्वतः तपासलेले, ज्यांत मी मोठी केलेली अक्षरं माझ्या डोळ्यांनी बघितली होती. माझ्याकडेही सरांच्या दालनाचं नाव होतं. मला काय झालंय ते कळेना, आणि जे मला कळत नाही त्यावर मी चारचौघांत काय बोलणार? मी गप्प राहिले. मी, जी भाजीवाल्यापुढे गप्प राहत नाही.

तेव्हा सर बाईंकडे वळून म्हणाले, "अण्णांचं वय झालंय आता. होतं असं."

हळूच म्हणाले. एरवी आळीत असं बोललेलं शेजारच्या माणसालाही ऐकू जात नाही. पण त्या वेळी सगळ्या हातोड्या थांबल्या होत्या. ते वाक्य समोरच्या दारापर्यंत गेलं, आणि अण्णांच्या डाव्या कानातही गेलं. मी त्यांचा चेहरा बघत होते. मग चहा आला. सरांनी साखर कमी आहे का विचारलं. बाईंनी घंगाळं पसंत केली आणि दोघे गेले.

धायरीला परत येऊन मी कोड उघडलं. कोडमध्ये काही बिघडलेलं नव्हतं. मग पत्त्यावर गेले. फाईलचं नाव तेच, जागा तीच, आतलं चित्र दुसरं. फाईल सर्व्हरवर चढवल्याची तारीख बघितली, तर ती मी पाठवलेल्या मेलच्या कितीतरी नंतरची. म्हणजे मेल गेल्यावर सरांनी त्याच नावाने नवा फोटो ठेवला होता, आणि आधी गेलेल्या प्रत्येक मेलमध्ये, प्रत्येकाच्या मोबाइलवर, अण्णांचं नाव पुसलं गेलं होतं. कोणाला पत्ता लागला नाही. पत्ता लागायचं कारणच नव्हतं. मग मी अगदी सुरुवातीचे मेल उघडले, ज्यांच्या पोटात मी फोटो घातला होता. तिथे नाव होतं. लहान अक्षरांत, पण होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते घेऊन अण्णांकडे गेले. त्यांनी वाचलं.

"आहे," म्हणाले.

"म्हणजे तुम्ही बरोबर सांगत होता."

"मग त्या बाईंच्याकडे का नव्हतं?"

मी सांगितलं की त्यांच्याकडच्या मेलमध्ये फोटो नाहीच, नुसती खिडकी आहे. फोटो सरांच्या घरात आहे आणि खिडकीतून दिसतो. सरांनी घरातला फोटो बदलला.

अण्णांनी हातातला पत्रा खाली ठेवला. "तू म्हणाली होतीस, कोणाला काढता येणार नाही."

"ते आधीच्या मेलांचं, अण्णा."

"मला काय ठाऊक आधीचे कुठले आणि नंतरचे कुठले. मी सगळ्यांना सांगत सुटलो." मग हातोडी उचलता उचलता म्हणाले, "डोळे तपासून घेऊ एकदा. तू ये बरोबर."

मी म्हणाले, डोळ्यांना काही झालेलं नाही. ते म्हणाले, तपासायला काय जातंय. डॉक्टरांनी सांगितलं चष्मा बरोबर आहे, नंबर तोच. तरी अण्णांनी त्या दिवसापासून आळीत मोठ्याने पेपर वाचणं बंद केलं. कारण समोरचे विचारायला लागले होते, "अण्णा, छापलंय तसंच ना? का आपलं तुम्हाला वाटतंय?" त्यांच्या मनात वाईट नाही. आळीत अशीच थट्टा चालते. पण पहिल्या मेलनंतर अण्णा उलट उत्तर द्यायला लागले होते, तेही बंद झालं.

मी सरांकडे गेले. जिना चढायच्या आधी सगळ्या मेलचे स्क्रीनशॉट काढून ठेवले, मी काही दूधखुळी नाही. सरांनी बसायला सांगितलं. मी बसले नाही. नाव का काढलं, विचारलं.

"काढलं असं नाही. फोटो अपडेट केले," सर म्हणाले. "आपल्याच सर्व्हरवरचा आपलाच फोटो बदलायला परवानगी कोणाची घ्यायची? आणि भांडी तर तीच आहेत."

"ठरलं होतं आपलं."

"ठरलं होतं फोटोत नाव टाकायचं. टाकलं होतं. कायम ठेवायचं असं कुठे ठरलं? आपण हौशी माणसं, आपल्याला या गोष्टी फार मोठ्या वाटतात." आणि मग, अगदी समजावणीच्या सुरात, "नाव इतकं हवंच होतं तर भांड्यावर घालायचं, मॅडम. फोटोवर कोण घालतं?"

इथे माझा आवाज चढला. आळीत वाढलेल्या माणसाचा आवाज चढतो तेव्हा तो दालनात मावत नाही. दोन गिऱ्हाइकं हातातल्या समया ठेवून बघायला लागली. मी म्हणाले, "फोटो राहू दे. त्या दिवशी आळीत ते वाक्य का बोललात? अण्णा खरं सांगत होते हे तिथे एकाच माणसाला माहीत होतं. तुम्हाला. नाव तुम्हीच काढलं होतं."

सरांनी फळीवरचा एक तांब्या उगाचच सरळ केला. म्हणाले, "काळजीपोटी बोललो." मग म्हणाले, "एवढं लागलं असेल तर परत टाकतो नाव. दोन मिनिटांचं काम आहे."

मी काहीतरी बोलून जिना उतरले. काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. खाली स्कूटरला किल्ली लावली आणि मनात काय आलं कोण जाणे, मोबाइल काढून मेल उघडला.

नाव परत आलं होतं.

सगळ्या मेलमध्ये. मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि इंग्रजीत, जसं काही कधी गेलंच नव्हतं. रस्त्यावर उभी राहून मी एकेक मेल उघडत होते. नाव काढून सरांनी अण्णांना खोटं पाडलं होतं. आता नाव परत ठेवून ते मला खोटं पाडत होते. मी कोणालाही सांगितलं की सरांनी नाव पुसलं होतं, तर तो मेल उघडून बघणार आणि म्हणणार, आहे की. वाघोलीच्या बाईंनी पुन्हा कधी तो मेल उघडला तर त्यांना वाटेल, त्या दिवशी आपल्याच नजरेतून सुटलं, किंवा काहीच वाटणार नाही. स्क्रीनशॉट आहेत माझ्याकडे. मी ते बाईंना पाठवले. त्यांचं उत्तर आलं: कळवल्याबद्दल आभार, आमचा व्यवहार दालनाशी आहे. आणि आळीत स्क्रीनशॉट कोणाला दाखवायचे? ज्यांनी ते वाक्य ऐकलं त्यांना सर्व्हर म्हणजे काय, पत्ता म्हणजे काय, हे समजावत दारोदार फिरायचं? त्यांना एवढंच आठवतं की अण्णा म्हणाले नाव आहे, सगळ्यांसमोर बघितलं तर नव्हतं, आणि त्यांची मुलगी, जिने हे सगळं केलं म्हणतात, ती गप्प उभी होती.

नाव परत आलंय हे मी अण्णांना सांगितलं. त्यांनी चष्मा लावला नाही. "उद्या असेल का?" एवढंच विचारलं.

सरांचं काम मी त्याच आठवड्यात सोडलं. अण्णांनी सोडलेलं नाही. ते अजून सरांना घंगाळं देतात, कारण घंगाळाला आता दुसरं गिऱ्हाईक नाही, आणि हातोडी खाली ठेवली तर दिवसभर करायचं काय. सर गाडी पाठवतात, गाडी भरून जाते. मध्यंतरी त्यांनी मला एक मेल पाठवला. झाल्या गैरसमजाबद्दल खेद वाटतो, असं लिहिलं होतं, आणि खाली अण्णांच्या घंगाळाचा छान फोटो होता. तो फोटो कुठे ठेवलाय ते मी आधी बघितलं. त्यांच्याच सर्व्हरवर होता.

सर, मला तुमच्याकडून मेल नको. तुम्ही हे वाचणार, कोणीतरी नेऊन तुम्हाला दाखवणारच, म्हणून इथेच विचारते. तुम्ही स्वतःच्या हाताने पुसलेलं नाव एक म्हातारा माणूस सगळ्यांसमोर शोधत होता, तेव्हा तुम्ही त्याचं वय का काढलंत? गैरसमज कोणाचा झाला होता, तुमचा? कसबा पेठ तुम्हाला माहीत आहे, आळीही माहीत आहे. भरदिवसा या, सगळे कामावर असताना. हातोड्या मी थांबवायला लावीन. त्याच जागी उभे राहा आणि अण्णा बरोबर वाचत होते हे सांगा. हळू बोलून चालणार नाही, त्यांना कमी ऐकू येतं. आणि यायचं नसेल तर का यायचं नाही, याचं तरी उत्तर द्या.